थरांची व्हिनाइल पाटी: रंग तीन, थर दोनच

बाजारात ज्याला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात ते व्हिनाइल असतं. वर पीव्हीसीची पातळ फिल्म, तिला मागून डिंक आणि त्यामागे सिलिकॉनचा गुळगुळीत कागद. एकाच रंगाची अक्षरं कापून चिकटवणं हात थोडा बसला की जमतं. अक्षराला बॉर्डर आणि सावली आली की काम बदलतं, कारण आता फिल्म पाटीवर न बसता फिल्मवर बसायची असते. खालच्या थराची कड, तिथली धूळ, त्याचं आकसणं, सगळं वरच्या थरातून दिसतं. म्हणून थरांचं निम्मं काम कॉम्प्युटरवरच संपलं पाहिजे.

उदाहरणाला रोजचं काम घेऊ. ८ × ३ फुटांची पिवळी एसीपी पाटी (प्लॅस्टिकच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली), त्यावर ‘अन्नपूर्णा’. अक्षर लाल, बॉर्डर पांढरी, उजवीकडे आणि खाली काळी सावली. अक्षराचं अंग शिरोरेषेपासून खालपर्यंत ९ इंच, रफार आणि ऊकार धरून साधारण १४ इंच, शब्दाची लांबी चार फुटांच्या आसपास. महाराष्ट्रात २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर पाटीवरचं मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. त्यामुळे खाली इंग्रजी ओळ हवी असेल तर ती ९ इंचांच्या आतच बसवा.

कोणता रंग कुणाच्या खाली

सवयीने असं काम काळा, त्यावर पांढरा, त्यावर लाल असं रचतात. यात दोन गोष्टी बिघडतात. पांढरी फिल्म काळ्यावर बसली की मळकट दिसते. ५० मायक्रॉनच्या कास्ट फिल्ममध्ये तर फरक लांबूनही कळतो, पिवळ्या फिल्मचंही तसंच. दुसरं म्हणजे लाल अक्षराच्या जागी तीन फिल्म आणि तीन डिंक साचतात, आणि प्रत्येक फिल्म उन्हात आपापल्या गतीने आकसते.

त्याऐवजी पांढरा सगळ्यात खाली आणि अखंड ठेवा. त्याच्या मधोमध लाल. लाल अक्षर पूर्णपणे पांढऱ्याच्या आत राहतं, कुठलीच कड ओलांडत नाही, आणि पांढऱ्यावर त्याचा रंगही खुलतो. काळी सावली अखंड न कापता फक्त दिसणाऱ्या पट्ट्या कापा आणि त्या सगळ्यात शेवटी पांढऱ्याच्या कडेवर १.५ मिमी चढवून बसवा. लाल आणि काळा एकमेकांना शिवत नाहीत, म्हणून दोन फिल्मपेक्षा जास्त जाडी कुठेच होत नाही. डोळ्याला सावली मागे दिसते, हाताला ती वर लागते. गडद रंगाची कड फिकट रंगावर चढवायची, उलट नाही, एवढं धरलं तर बहुतेक पाट्यांची रचना आपोआप सुटते.

चढ १.५ मिमीच का? याहून कमी ठेवला तर लावताना होणारी चूक झाकत नाही आणि मधून पिवळी रेघ डोकावते. ३ मिमीच्या वर गेला तर खालच्या कडेचा उंचवटा तिरप्या उन्हात ठळक दिसतो. पाटी आतून उजळणारी असेल, म्हणजे ग्लो साइनची अर्धपारदर्शक फिल्म असेल, तर चढाची जागा दुप्पट गडद होऊन काळसर रेघ दिसते. तिथे चढ १ मिमीच्या आत ठेवा.

फाइल: देवनागरीची खास दुखणी

कटर, म्हणजे कॉम्प्युटरवरून फिल्म कापणारं यंत्र, डिझाइन पाहत नाही, रेषा पाहतो. कोरलड्रॉमध्ये अक्षर स्क्रीनवर भरीव आणि सुंदर दिसतं, पण वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांच्या दृश्यात, पाहिलं की खरी गोष्ट कळते. देवनागरीच्या बहुतेक फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते. रफार, वेलांटी, उकार हेसुद्धा सुटे तुकडे असून वरून टेकवलेले असतात. तशीच फाइल कटरला दिली तर पातं प्रत्येक जोडावर आडवं फिरतं, आणि सोलताना (अक्षराभोवतीची टाकाऊ फिल्म काढताना) ‘अ’ आणि ‘न्न’ यांच्यामध्ये शिरोरेषेची चिंचोळी चकती सुटून येते.

उपाय ठरलेला आहे. मजकूर कर्व्हमध्ये (फाँटऐवजी नुसत्या रेषांमध्ये) बदला, सगळा शब्द निवडा आणि वेल्ड करा, म्हणजे सगळे तुकडे मिळून एकच आकार होतो. मग वायरफ्रेममध्ये शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा, मध्ये एकही उभी रेघ राहता कामा नये. ‘पू’चा ऊकार दंडाला जिथे मिळतो आणि ‘र्णा’चा रफार शिरोरेषेवर जिथे टेकतो, त्या दोन जागा मोठ्या करून बघा. काही फाँटमध्ये रफार शिरोरेषेला केसभर अंतर ठेवून तरंगतो. तो थोडा खाली ओढून मगच वेल्ड करा. हिंदी वळणाच्या फाँटमुळे ‘ल’ आणि ‘श’ परके दिसतात, तेही गिऱ्हाइकाने सांगायच्या आधी याच टप्प्यावर बदला.

वेल्ड झाल्यावर फालतू नोड (रेषेवरचे बिंदू) काढा. स्कॅनवरून ट्रेस केलेल्या लोगोत एका वळणावर चाळीस-पन्नास नोड असतात, आणि तिथे पातं थरथरत जाऊन कड करवतीसारखी कापतं. वळण चार-पाच नोडमध्ये बसवा.

आता थर. लाल शब्दाला बाहेरून ८ मिमीचा कॉन्टूर (समांतर बाह्यरेषा) द्या, कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपरा कापायला अवघड आणि नंतर सगळ्यात आधी उचलतोही तोच. कॉन्टूर सुटा केल्यावर आतल्या छिद्रांकडे पाहा. बॉर्डर आत सरकल्यामुळे ‘ण’ आणि ‘न्न’मधल्या फटी आक्रसतात. ५ मिमीपेक्षा अरुंद उरलेली फट बुजवून टाका, तेवढ्या फटीत पाटीचा पिवळा रंग लांबून दिसत नाही आणि सोलताना मात्र तिथेच फाटतं. शब्दात अनुस्वार असेल तर तो शिरोरेषेपासून १६ मिमीच्या आत आणा, म्हणजे दोन्ही बॉर्डर मिळतात आणि टिंब सुटं राहत नाही.

सावलीसाठी बॉर्डरच्या आकारावरून १२ मिमी उजवीकडे आणि १२ मिमी खाली ब्लॉक शॅडो काढा आणि त्यातून बॉर्डरचा आकार ट्रिम (वजा) करा. उरल्या त्या काळ्या पट्ट्या, त्या अशाच कापायच्या. चढ काळ्यात न देता पांढऱ्यात द्यायचा असतो, नाहीतर सावलीच्या बाजूला बॉर्डर ८ऐवजी ६.५ मिमी दिसते. त्यासाठी लाल शब्दाला दुसरा, ९.५ मिमीचा कॉन्टूर द्या. बॉर्डर आणि सावली यांच्या प्रती वेल्ड करून एक आकार करा आणि त्याचा ९.५च्या कॉन्टूरशी इंटरसेक्ट (दोन्हींचा सामाईक भाग) घ्या. मिळालेला आकार फक्त सावलीच्या बाजूला १.५ मिमी वाढलेला असतो. पांढरा थर हाच.

जुळवणीच्या खुणा विसरू नका. शब्दाच्या डाव्या-उजव्या टोकांना, डिझाइनपासून ३ सेमी लांब, वर-खाली मिळून चार चौकोन ठेवा. पांढऱ्या थरात १२ मिमीचे, लालात १०चे, काळ्यात ८चे, सगळ्यांचं केंद्र एकच. सारख्या मापाचे चौकोन एकावर एक ठेवले तर अर्ध्या मिलिमीटरची चूक दिसत नाही. १०चा चौकोन १२वर ठेवला की भोवती १ मिमीची किनार उरते, आणि ती एका बाजूला जाड झाली तर डोळ्याला लगेच खटकते.

माल

एका कामात एकाच घराण्याची फिल्म वापरा. मोनोमेरिक फिल्म सगळ्यात स्वस्त, पण तिला मऊ ठेवणारा घटक हळूहळू बाहेर पडतो, ती आकसते आणि कडक होते. ती खाली आणि कास्ट वर असं केलं तर खालची आकसताना वरचीला ओढते, आणि वरच्या अक्षराच्या कडेला बारीक सुरकुत्या पडतात. पॉलिमेरिक फिल्म ७० ते ८० मायक्रॉनची असते आणि सपाट दुकानपाटीला पुरते. कास्ट फिल्म द्रव ओतून भट्टीत बनवतात. रोलरखाली ओढून बनवलेल्या फिल्मसारखा तिच्यात ताण नसतो, म्हणून ती सगळ्यात कमी आकसते. वाहनाच्या वळणदार पत्र्यावर थर द्यायचे असतील तर दोन्ही थर कास्टच हवेत. रात्री चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह फिल्मवर दुसरा थर चढवला तर तेवढ्या भागाची चमक गेली, हे धरूनच डिझाइन करा.

आपल्या पाटीला २४ इंची रोलमधून प्रत्येक रंगाची ५ फूट फिल्म लागेल, तिन्ही मिळून १५ फूट. चाचणी कापण्यासाठी प्रत्येकी आणखी अर्धा फूट धरा. कापलेली अक्षरं कागदावरून उचलून पाटीवर नेणारी ट्रान्सफर टेपही तेवढीच. कटरचे रोलर दोन्ही काठांना जागा खातात, त्यामुळे २४ इंचांतले पूर्ण २४ इंच मिळत नाहीत. सावली धरून आपलं काम १५-१६ इंचांचं होतं, तेव्हा ते आरामात बसतं.

कापणं आणि सोलणं

तिन्ही रंग एकाच दिवशी, एकाच कटरवर, रोलच्या एकाच दिशेने कापा. कटरची लांबीतली चूक आणि रुंदीतली चूक सारखी नसते. रुंद रोलवर पांढरा थर लांबीत आणि लाल थर जागा वाचवायला आडवा कापला तर चार फुटांवर दीड-दोन मिमीचा फरक पडतो आणि जुळवणी डावीकडे बरोबर, उजवीकडे चुकलेली अशी दिसते. शंका असेल तर ५०० मिमीची रेघ दोन्ही दिशांना कापून टेपने मोजा आणि कटरच्या सेटिंगमध्ये दुरुस्ती द्या. रोल कटरमागे ताणलेला नको. जितकं कापायचं तेवढं आधी उलगडून सैल सोडा, नाहीतर कटर रोल ओढत ओढत कापतो आणि माप हलतं.

पातं ४५ अंशाचं, बहुतेक पात्यांना ऑफसेट (पात्याचं टोक त्याच्या मधल्या अक्षापासून जितकं बाजूला असतं ते अंतर) ०.२५ मिमी. दाब आकड्यावरून ठरवू नका, चाचणीवरून ठरवा. २ सेमीचा चौकोन आणि त्याच्या आत वर्तुळ कापा. चौकोनाचा भाग सोलला आणि वर्तुळ जागेवर राहिलं तर फिल्म पूर्ण कापली गेली आहे. आता कागदावर बोट फिरवा. पुढून पुसट रेघ दिसावी, मागून हाताला काही लागू नये. मागून रेघ लागली तर दाब जास्त आहे. कापलेला कागद पुढे टेप उचलताना अक्षरासोबत फाटून येतो आणि डिंकाला चिकटून बसतो. कोपरे गोलसर येत असतील किंवा चौकोन मिटत नसेल तर ऑफसेट चुकलाय किंवा पात्याचं टोक तुटलंय. थरांच्या कामाला नवं पातं लावणं परवडतं.

सोलताना टाकाऊ फिल्म स्वतःवरच दुमडून, कागदाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. वर उचलून ओढली तर ‘ण’चं टोक तिच्यासोबत येतं. काळ्या पट्ट्या सुट्या असल्याने त्या सोलायला वेळ लागतो. टाकाऊ भाग चार तुकड्यांत कापून काढा, चारही खुणा मागे राहू द्या.

मग ट्रान्सफर टेप. पारदर्शक टेपमधून खुणा दिसतात पण ती ओढली की ताणते, आणि तिच्यासोबत अक्षरही. कागदी टेप माप सोडत नाही पण तिच्यातून दिसत नाही. चार फुटांच्या शब्दाला कागदी टेप बरी, फक्त चारही खुणांवर तिची खिडकी कापून तिथे पारदर्शक टेपचा तुकडा लावा. टेप मधून बाहेरच्या दिशेने दाबत लावा, ओढून नाही. टेप लावलेलं काम दिवसेंदिवस ठेवू नका. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत मागचा कागद ओल धरून वाकतो, फिल्म कागदापासून सुटून तिच्यात बोगदे तयार होतात.

पाटीची तयारी

एसीपीवरची संरक्षक फिल्म लावायच्या दिवशीच काढा. आधी साबणाचं पाणी, मग स्वच्छ पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. अल्कोहोल एका फडक्याने लावायचं आणि उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. एकाच फडक्याने पुसलं तर तेल इकडचं तिकडे होतं एवढंच. रॉकेलने पुसू नका, मागे तेलकट थर राहतो. नव्या रंगवलेल्या पत्र्यावर किंवा पॉलिकार्बोनेटवर घाई नको. त्यातून बाहेर पडणारी वाफ दोन दिवसांनी फिल्मखाली फोडांसारखी येते, आणि ते फोड दाबून जात नाहीत.

तापमान २० ते ३० अंशांच्या मध्ये असेल तर काम हातात राहतं. मे महिन्यात विदर्भात दुपारी उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही. तिथे डिंक टेकताक्षणी धरतो, फिल्म लोण्यासारखी ताणते आणि चूक सुधारायची सोय राहत नाही. काम पहाटे तरी करा किंवा पाटी उतरवून सावलीत आणा.

लावणं

इंग्रजी अक्षरं एकेक करून लावता येतात. देवनागरीत शिरोरेषेमुळे सगळा शब्द एकसंध पट्टा असतो. तो चार फुटांवर थोडासाही तिरका गेला की शेवटी बोटभर वर-खाली होतो. म्हणून शिरोरेषेची जागा लेव्हलने ठरवून ग्लास मार्किंग पेन्सिलने रेघ मारा आणि दोघांनी मिळून लावा.

पांढरा थर टेप आणि कागदासकट जागेवर धरा. शब्दाच्या मधोमध मास्किंग टेपची उभी पट्टी वरपासून खालपर्यंत चिकटवा, ही झाली बिजागरी. उजवी बाजू उचला, मागचा कागद बिजागरीपर्यंत सोला आणि तिथे कापून टाका. दुसऱ्याने टोक हवेत ताठ धरायचं, ओढायचं नाही. फेल्ट लावलेल्या स्क्वीजीने (दाबायच्या चपट्या पट्टीने) बिजागरीकडून टोकाकडे, प्रत्येक हात आधीच्या हातावर निम्मा चढवत दाबत जा. मग बिजागरी काढा आणि डावी बाजू तशीच करा. टेप काढताना ती स्वतःवर पूर्ण उलटी दुमडून, पाटीला लागून काढा. सरळ बाहेर ओढली तर कडा उचलतात. टेप निघाल्यावर सगळ्या कडा पुन्हा एकदा दाबा.

पाणी वापरायचं की नाही? काच किंवा ॲक्रिलिकवर पहिल्या थराला चालतं. एक लिटर पाण्यात बेबी शॅम्पूचे दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नाही, आणि टेप काढायला अर्धा तास थांबा. पण फिल्मवर फिल्म बसवताना कोरडंच काम करा. दोन्ही बाजूंनी पीव्हीसी असल्यामुळे अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला फक्त कडा असतात, आणि त्या कडा आपणच दाबून बंद करतो. पहिला थर ओला लावला असेल तर दुसरा दुसऱ्या दिवशी लावा.

लाल थरासाठी खुणांच्या मागचा कागद चारही ठिकाणी कापून काढा. आता खिडकीतून आरपार दिसतं. डावीकडचे दोन चौकोन पांढऱ्या चौकोनांवर हलकेच टेकवा, दाबू नका. उजवीकडचे दोन बघा. चारही ठिकाणी किनार सारखी दिसली की मधोमध बिजागरी लावा आणि पांढऱ्यासारखंच पुढे जा. डावीकडे जुळलं आणि उजवीकडे अर्धा मिमी कमी पडलं तर चूक दोन्ही टोकांत वाटून घ्या. ताणून जुळवू नका, ताणलेली फिल्म उन्हात परत जागेवर येते आणि टोकाला डिंकाची काळी पडणारी रेघ सोडते.

काळ्या पट्ट्याही याच खुणांवर. इथे नजर कडेवर ठेवा. काळी फिल्म पांढऱ्यावरून पाटीवर उतरते तिथे ७०-८० मायक्रॉनची पायरी असते, आणि फिल्म त्या पायरीवर तंबूसारखी तरंगते. बाजूने पाहिलं तर कडेलगत केसासारखी चकाकती रेघ दिसते. त्या फटीतून पहिल्या पावसात पाणी आत शिरतं, मग धूळ, आणि दिवाळीपर्यंत पट्टी सुटायला लागते. टेप काढल्यावर हीट गनने ती कड कोमट करा, फिल्मची चमक बदलण्याच्या आत थांबा, आणि फेल्टच्या कोपऱ्याने पायरीच्या बुडाशी दाबत चला. रिव्हेट ब्रश (फिल्म खाचेत दाबायचा ताठ केसांचा ब्रश) असेल तर अधिक चांगलं. चकाकती रेघ पूर्ण गेली की पट्टी बसली.

शेवटी खुणांचे चौकोन तिन्ही थरांसकट नखाने उचलून काढा. पाटीवर कटर चालवू नका, एसीपीवर पडलेली रेघ कायमची. डिंकाचा डाग अल्कोहोलने जातो.

लहान काम, म्हणजे दोन फुटांच्या आतला लोगो, टेबलावरच जोडता येतं. लाल थर टेपवर उचलून कागदावरच्या सोललेल्या पांढऱ्यावर बसवा आणि लालची टेप काढा. मग काळा त्याच पद्धतीने. काळ्या पट्ट्यांचा बाहेरचा भाग सिलिकॉनच्या कागदावर टेकतो, तो नंतर सुटतो. मग सगळं मिळून एकाच नव्या टेपवर उचला. पाटीवर एकदाच लावावं लागतं आणि जुळवणी सावलीत, बसून होते.

बिघडलं तर

बुडबुडा राहिला तर ब्लेडने चीर देऊ नका, चीर उन्हात उघडते. बुडबुड्याच्या काठाशी सुईने टोचा आणि समोरून हवा छिद्राकडे ढकला. बुडबुडा दोन थरांच्या मध्ये असेल तर सुई वरच्याच थरातून जाऊ द्या.

टेप काढताना लाल अक्षर टेपसोबत उचलत असेल तर टेपचा डिंक जास्त आहे किंवा थर दाबला कमी गेला आहे. टेप परत खाली बसवा, जोरात स्क्वीजी फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि अजून सपाट कोनात काढा. थंडीत नाशिककडे सकाळी हे हमखास होतं. पाटी थोडी कोमट केली की सुटतं.

डिंक पूर्ण धरायला निदान २४ तास लागतात. तेवढा वेळ पाटी धुऊ नका आणि पाऊस दिसत असेल तर टांगू नका. दुसऱ्या दिवशी अंगठ्याने सावलीची प्रत्येक कड एकदा चाचपा. सुटी वाटली ती तेव्हाच कोमट करून दाबली तर बसते, महिनाभराने त्याच कडेखाली धूळ गेलेली असते आणि मग ती पट्टी बदलावीच लागते.